गॅलियम स्कॅन म्हणजे काय? आणि त्यासाठी वेळ का पाळावी?



आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी पोटाच्या दुखण्याने बरेच महिने हैराण होते. अधूनमधून हगवण लागे, तोंड एकाएकी लाल होऊन गरम वाफा येत. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना मोठ्या शहरातील एका रुग्णालयात तपासणीसाठी पाठविले. चिठ्ठीवर लिहिले होते : "गॅलियम-६८ डोटाटेट पेट-सीटी, सकाळी ९ वाजता." पहिली एस. टी. चुकली, दुसरी वाटेत बंद पडली, आणि ते पोहोचले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. तेथील माणसाने सांगितले, "काका, तुमच्यासाठी केलेले औषध आता संपले. पुन्हा तारीख घ्यावी लागेल."

रविवारी मिस्सानंतर ते आम्हाला भेटले. "फादर, औषध संपले म्हणजे काय? दिले कुणाला? बूच लावून फडताळात ठेवता आले नसते काय?" शिवाय घरी कुणी तरी सांगितले होते की हे किरणांचे इंजेक्शन आहे, त्यानेच कॅन्सर होतो, नातवंडांना जवळ घेता येत नाही. तेव्हा "आता पुन्हा जाणे नाही" असा त्यांचा निश्चय होत आला होता.

औषध कुणाला दिले नव्हते. ते बाटलीतल्या बाटलीत आपणहून नाहीसे झाले होते. हे कसे होते आणि डॉक्टर असले औषध मुद्दाम का वापरतात, हे समजले की राग जातो व भीतीही जाते. म्हणून या महिन्यात आम्ही या पानावर गॅलियम या धातूविषयी लिहीत आहोत.

हा धातू कोणता?

गॅलियम हा चांदीसारखा चकाकणारा, मऊ धातू. रशियाचे रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीफ यांनी १८७१ साली मूलद्रव्यांच्या तक्त्यात ॲल्युमिनियमच्या खालचे घर रिकामे ठेवले आणि तेथे बसणारा धातू पुढे सापडेल असे लिहून ठेवले. चारच वर्षांनी, १८७५ साली, फ्रान्सचे लकॉक द ब्वाबोद्रां यांना पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजात तो सापडला. फ्रान्सच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याला गॅलियम हे नाव मिळाले. त्यांनी प्रथम त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीफ यांचे म्हणणे होते की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजली तेव्हा ती ५.९ च भरली!

हा धातू सुमारे ३० अंश उष्णतेला वितळतो. तळहातावर ठेवला तर थोड्या वेळात पाणी होतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बाटलीत पातळच राहील. बेळगाव-कोल्हापूर भागातील लोकांच्या ओळखीचे जे बॉक्साईट, त्या खनिजातही गॅलियम अगदी अल्प प्रमाणात असतो आणि जगातील बहुतेक गॅलियम बॉक्साईटपासून ॲल्युमिना काढतानाच मिळवितात.

औषधाचा गॅलियम मात्र खाणीतला नव्हे. रसायन म्हणून तो तोच धातू. पण त्याच्या अणूचा गाभा वजनाने वेगळा व अस्थिर असतो. असे दोन प्रकार वैद्यकात वापरतात : गॅलियम-६७ आणि गॅलियम-६८. हे अणू स्वस्थ बसत नाहीत. एकेक करून किरण सोडतात आणि त्यांचे जस्त बनते. जे जस्त आपण झिंक सल्फेटच्या रूपाने शेताला देतो, तेच.

सोळा आण्यांचा हिशेब

निम्मे अणू बदलून जाण्यास जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. गॅलियम-६७ चे अर्धायुष्य सुमारे सव्वातीन दिवस आहे. गॅलियम-६८ चे फक्त ६८ मिनिटे.

सकाळी ९ वाजता बाटलीत सोळा आणे औषध आहे असे धरा. १० वाजून ८ मिनिटांनी आठ आणे राहिले. ११ वाजून १६ मिनिटांनी चार आणे. १२ वाजून २४ मिनिटांनी दोन आणे. १ वाजून ३२ मिनिटांनी एक आणा. आमचे काका दुपारी एकनंतर पोहोचले, तेव्हा त्यांच्या वाट्याचे एक-दीड आण्याइतकेच औषध उरले होते. तेवढ्यावर कॅमेऱ्याला स्पष्ट चित्र दिसत नाही. बूच लावून, बर्फात ठेवून किंवा कुलपात घालून हा ऱ्हास थांबत नाही. उष्णता, थंडी, हवा यांचा अणूच्या गाभ्यावर काही परिणाम होत नाही.

लोहासारखा दिसणारा पाहुणा

आता मुख्य प्रश्न. इतक्या धातूंतून गॅलियमच का निवडला?

विरघळलेल्या गॅलियमच्या अणूवर तीन धन विद्युत्भार असतात. लोहाच्या एका रूपावरही तीनच असतात. दोहोंचा आकारही जवळजवळ सारखा : गॅलियमची त्रिज्या ६२ पिकोमीटर, लोहाची साडेचौसष्ट. (पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभर कोटीवा भाग.) आपल्या रक्तात लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याला बैलगाडी समजा, लोहासाठी दोन बैठकी असलेली. निरोगी माणसात यांतील साधारण एक तृतीयांश बैठकीच भरलेल्या असतात. रिकाम्या बैठकीवर गॅलियम जाऊन बसतो आणि गाडी त्याला लोह समजून घेऊन जाते.

कुठे नेते? जेथे लोहाची मागणी जास्त तेथे. वेगाने वाढणाऱ्या काही कॅन्सरच्या गाठींना लोह फार लागते. जेथे पू व जंतू आहेत तेथेही तीच ओढ असते, कारण जंतूंना लोह हवे असते आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींजवळ लोह पकडणारे आणखी एक प्रथिन असते. १९६९ साली अमेरिकेतील ओक रिज येथे एडवर्ड्स व हेज हे दोघे गॅलियम-६७ देऊन हाडांचे चित्र घेण्याचा प्रयत्न करीत होते. हॉजकिन रोगाच्या एका रोग्यात त्यांना गॅलियम मानेतील रोगट गाठींत साठलेला दिसला. शोधीत होते हाड, सापडली गाठ. तेथून पुढे अनेक वर्षे गॅलियम-६७ ने लसिकाग्रंथींचे कॅन्सर आणि शरीरात दडलेला पू शोधीत असत. आता नव्या तपासण्यांमुळे त्याचा वापर कमी झाला आहे, तरी मणक्याच्या हाडातील जंतुसंसर्गासारख्या काही दुखण्यांत तो अजूनही करतात.

गॅलियमचे सोंग मात्र सर्वत्र चालत नाही. शरीरात लोहाचे विद्युत्भार तीनाचे दोन व दोनाचे तीन असे सहज बदलतात आणि रक्तातील लाल द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, बनताना दोन भारांचेच लोह लागते. गॅलियमला हा बदल साधत नाही. म्हणून तो गाडीत बसतो, गाठीपर्यंत जातो, पण हिमोग्लोबिनमध्ये शिरत नाही. तसा शिरला असता तर तो सगळ्या लाल पेशींत पसरला असता आणि चित्रात गाठ वेगळी दिसली नसती.

सुटा गॅलियम का चालत नाही?

पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की आपण तुरटी फिरवितो. तुरटीतील ॲल्युमिनियम पाण्यात पांढरा, बुळबुळीत साका धरतो आणि गाळ घेऊन तळाशी बसतो. गॅलियम हा ॲल्युमिनियमच्याच घराण्यातला. तीव्र आंबट पाण्यात तो विरघळून राहतो. आंबटपणा कमी झाला की तोही साका धरतो. आपले रक्त तर आंबट नाहीच. तसाच टोचला तर त्याचे बारीक कण होतील, आणि ते कण यकृत गिळून टाकील. डॉक्टरांना हवे ते चित्र मिळणार नाही.

म्हणून त्याला कुणी तरी धरून ठेवावे लागते. गॅलियम-६७ साठी सायट्रेट वापरतात, म्हणजे लिंबातील आम्लाचेच क्षाररूप. त्याची पकड सैल असते. रक्तात जाईपर्यंत ते गॅलियमला सांभाळते आणि मग ट्रान्सफेरिनच्या हवाली करते. येथे सैल पकड हीच सोयीची.

चिलेट : शेतकऱ्याच्या ओळखीची गोष्ट

चुनखडीच्या जमिनीत ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो, पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे आपण पाहिले आहे. जमिनीत लोह नसते असे नाही. चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते. आपण हिराकस टाकतो, तेही थोड्याच दिवसांत तसेच अडकते. म्हणून दुकानदार चिलेटेड लोह देतो. चिलेट म्हणजे खेकड्याच्या नांग्यांप्रमाणे धातूला अनेक बाजूंनी धरणारा पदार्थ. साधे ई.डी.टी.ए. चुनखडीच्या जमिनीत फार टिकत नाही. ई.डी.डी.एच.ए. महाग, पण तेथेही लोह सोडीत नाही.

गॅलियम-६८ च्या औषधात नेमकी हीच विद्या आहे. येथे गॅलियमला लोहाच्या वाटेने जाऊ द्यायचे नसते. त्याला एका निरोप्याच्या पाठीवर बांधून ठरावीक पत्त्यावर पाठवायचे असते. गाठ सैल असली तर वाटेत ट्रान्सफेरिन त्याला हिसकावून घेईल आणि निरोप्या रिकामाच पोहोचेल. म्हणून पकड अगदी घट्ट हवी.

डोटा हा असाच एक पिंजरा. त्याच्या कड्यात नायट्रोजनचे चार अणू असतात व बाहेर चार हात असतात. गॅलियमला त्यात बसविण्यासाठी आंबटपणा नेमका राखून सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते. एकदा बसला की तो शरीरात सुटत नाही. डोटाटेटमध्ये या पिंजऱ्याला आठ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी जोडलेली असते, तीच निरोप्या. शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचे संप्रेरक आहे. ही साखळी त्याची नक्कल आहे. आतडे, स्वादुपिंड, फुप्फुस यांतील संप्रेरक बनविणाऱ्या पेशींपासून काही गाठी होतात. त्यांच्या अंगावर या संप्रेरकाची कुलुपे दाट असतात, आणि किल्ली कुलपात बसावी तशी ही साखळी तेथे जाऊन बसते. या गाठी बहुधा सावकाश वाढतात आणि वर्षानुवर्षे सापडत नाहीत. साखरेचे इंजेक्शन देऊन जी नेहमीची पेट तपासणी करतात तीत त्या पुष्कळदा दिसत नाहीत, कारण सावकाश वाढणारी गाठ साखर फार खात नाही. डोटाटेटला अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळाली.

दुसरे औषध पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी आहे : पीएसएमए-११. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांनी ते तयार केले आणि अमेरिकेत २०२० साली त्याला मान्यता मिळाली. त्यातील पिंजऱ्याचे नाव एच.बी.ई.डी. रसायनाच्या दृष्टीने हा पिंजरा आपल्या शेतातील ई.डी.डी.एच.ए. चा जवळचा भाऊबंद आहे. तो गॅलियमला न तापवता, काही मिनिटांत धरतो.

औषधाची गाय

ज्या धातूचे अर्धायुष्य ६८ मिनिटे, तो दूरच्या कारखान्यातून मागविणार कसा? यासाठी रुग्णालयात जनित्र नावाचे लहानसे यंत्र ठेवतात. त्याच्या नळीत टिटॅनियम किंवा कथलाच्या ऑक्साईडवर जर्मेनियम-६८ चिकटवलेला असतो. जर्मेनियमचे अर्धायुष्य २७१ दिवस. तो हळूहळू बदलतो आणि त्यापासून सतत गॅलियम-६८ बनत राहतो. नळीतून पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले की जर्मेनियम जागेवर राहतो आणि गॅलियम तेवढा धुऊन खाली येतो. या शाखेतील लोक अशा यंत्राला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणे!

गाय जशी लागोपाठ दूध देत नाही, तसेच हे यंत्रही. एकदा काढल्यावर ६८ मिनिटांत निम्मे भरते. पुरते भरण्यास चार-साडेचार तास जातात. काही दिवस काढले नसेल तर नळीत जस्त साठते. ते जस्त पिंजऱ्यातील जागा अडविते, म्हणून पहिले काढणे फेकून द्यावे लागते. आपणही सडातल्या पहिल्या धारा भांड्यात घेत नाही. मग औषध बनवून, ते घट्ट बांधले गेले की नाही हे पाहून, लगेच टोचतात. सकाळी ९ ची वेळ दिली म्हणजे त्या वेळेच्या हिशेबाने कुणी तरी पहाटेपासून कामाला लागलेले असते. एका काढण्यात दोन-तीन रोग्यांपुरतेच औषध निघते. उशिरा आलेल्याला दुसऱ्याचा वाटा देता येत नाही.

किरणांची भीती किती बाळगावी?

गॅलियम-६८ पॉझिट्रॉन नावाचा कण सोडतो. तो जवळच्याच एका इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघेही नाहीसे होतात आणि त्या जागेवरून दोन किरण नेमके विरुद्ध दिशांना निघतात. भोवतीचा कड्यासारखा कॅमेरा हे जोडकिरण टिपून गाठीची जागा ठरवितो. गॅलियम-६७ सरळ गॅमा किरण सोडतो. त्याची चित्रे इंजेक्शननंतर एक ते तीन दिवसांनी घेतात.

इंजेक्शनात गॅलियम-६८ असतो तरी किती? एका ग्रॅमचे एक हजार कोटी भाग केले तर त्यातील सुमारे एक भाग. इतक्याने धातूचे विष चढत नाही. किरणांची मात्रा साधारण तीन ते चार मिलीसीव्हर्ट होते. जमीन, आकाश व अन्न यांतून जगातील माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसीव्हर्ट मिळतच असतात. सोबतच्या सीटीची मात्रा वेगळी मिळवावी लागते, आणि गॅलियम-६७ ची मात्रा बरीच अधिक असते. अगदी धोका नाही असे आम्ही म्हणत नाही. म्हणूनच डॉक्टर कारणावाचून ही तपासणी सांगत नाहीत. पण गाठ न सापडता राहण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे.

नातवंडांचे म्हणाल, तर सकाळी ९ वाजता टोचलेले गॅलियम-६८ रात्री साडेआठपर्यंत हजारात एक भागाहूनही कमी उरते. तेवढा दिवस लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना फार वेळ बिलगून बसू नये, एवढेच.

गाठ सापडल्यावर पुढेही वाट आहे. त्याच निरोप्याच्या पिंजऱ्यात गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ बसवून गाठीवर उपचार करता येतात. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हे ल्युटेशियम बनवितात. याच केंद्राची परळ येथील किरण-वैद्यक शाखा १९६३ पासून रोग्यांची सेवा करीत आहे.

तपासणीला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे

१. वेळ पाळा. गाव दूर असेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. अडचण आलीच तर लगेच फोन करा, म्हणजे क्रम बदलता येईल.

२. गरोदर असाल, किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगा. अंगावर पाजणाऱ्या मातांनी अवश्य सांगावे. गॅलियम-६७ दुधात उतरतो, त्यामुळे पाजणे बरेच दिवस बंद ठेवावे लागते.

३. नुकतेच रक्त चढविले असेल किंवा लोहाची इंजेक्शने घेतली असतील तर सांगा. गाडीतील बैठकी लोहाने भरल्या असतील तर गॅलियम-६७ ला जागा मिळत नाही आणि चित्र बिघडते.

४. ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शने चालू असतील तर सांगा. ती डोटाटेटची कुलुपे आधीच अडवितात. आपल्या मनाने मात्र कोणतेही औषध बंद करू नका.

५. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर प्या व लघवी तुंबवू नका. औषधाचा पुष्कळ भाग त्याच वाटेने जातो.

६. नावांची गल्लत करू नका. एम.आर.आय. तपासणीत जे गॅडोलिनियम टोचतात तो वेगळा धातू आहे आणि किरणोत्सर्गी नाही. ते नुकतेच घेतले असेल तर तेही सांगा. सर्व जुने कागद बरोबर न्या.

आमचे काका दुसऱ्या खेपेस आदल्या संध्याकाळीच शहरात जाऊन भाच्याकडे उतरले आणि सकाळी आठ वाजताच रुग्णालयाच्या बाकावर बसले. आतड्यात एक लहान गाठ निघाली. आता उपचार सुरू आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "फादर, उसाला पाण्याची पाळी चुकली तर पुढची तरी येते. या औषधाची पाळी चुकवायची नाही, हे आता मी सगळ्यांना सांगतो." वाचकांनीही ते आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावे.